एका जुन्या चौकटीची दुरुस्ती

मंडळी, आज ऊसदर नाही, महामार्गाचं काम नाही, कुणाचा पक्षप्रवेशही नाही. आज एक दुरुस्ती द्यायची आहे. चूक माझी आहे आणि ती २०१४ सालची आहे. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

झालं असं. विज्ञान दिनाला वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत प्रदर्शनाला बोलावलं होतं. नववीतल्या एका मुलीने कृष्णविवरावर तक्ता केला होता. मधोमध काळा गोल, भोवती केशरी रंग आणि कोपऱ्यात एक पिवळं पडलेलं कात्रण. तिच्या बाईंनी कात्रणांची फाइल जपून ठेवलेली, त्यातलं ते. वाकून बघतो तर चौकट माझीच! तेव्हा मी एका दैनिकाच्या सांगली डेस्कवर होतो आणि ती चौकट मीच लावली होती.

मुलीने विचारलं, "सर, कृष्णविवरातनं उजेडसुद्धा बाहेर येत नाही ना? मग हे एवढं चमकतंय कसं?"

तिला जमेल तसं उत्तर दिलं. पण चौकटीतलं शेवटचं वाक्य वाचून माझे कान गरम झाले. ते वाक्य होतं, "त्याच दीर्घिकेत शेजारी असलेला दुसरा तेजस्वी स्रोतही कृष्णविवरच आहे." छापल्यानंतर दोन महिन्यांच्या आत ते खोटं ठरलं होतं. मला ते कळलंही होतं. तरी मी दुरुस्ती दिली नाही. का दिली नाही ते पुढे सांगतो. आधी प्रकरण काय आहे ते बघू.

उजेड येतो कुठून?

मुलीचा प्रश्न रास्त होता. कृष्णविवर स्वतः काळंच असतं. पण त्याच्या शेजारी एखादा तारा असला तर त्या ताऱ्याचा वायू ओढला जातो. तो सरळ आत पडत नाही, भोवऱ्यासारखा गोल फिरत फिरत आत सरकतो. फिरताना घासतो, तापतो. आतल्या कडेला तापमान लाखो अंशांवर जातं. एवढं तापलेलं काहीही नुसतं लालबुंद होत नाही, ते एक्स-रे फेकायला लागतं. आपण बघतो तो उजेड विवराच्या तोंडाशी तापलेल्या वायूचा असतो. आत गेलेल्याचा नसतो.

हे एक्स-रे जमिनीवर पोचत नाहीत, आपली हवा ते शोषून घेते. आपल्या जिवाच्या दृष्टीने बरंच आहे ते. पण शास्त्रज्ञांना मग यंत्रं हवेच्या वर न्यावी लागली. १९६२ च्या जूनमध्ये अमेरिकेत रिकार्दो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉकेटमधून उपकरण पाठवलं, ते काही मिनिटंच वर राहिलं. तेवढ्यात वृश्चिक राशीच्या दिशेला एक झगझगीत एक्स-रे स्रोत सापडला. सूर्यमालेबाहेरचा तो पहिला. या कामाची दखल घेऊन जियाकोनींना २००२ साली नोबेल मिळालं.

आपणही मागे नव्हतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली, म्हणजे टीआयएफआरची मंडळी १९६० च्या दशकातच हैदराबादहून मोठाले फुगे सोडून असे स्रोत बघत होती. १९ एप्रिल १९७५ ला आपला पहिला उपग्रह आर्यभट्ट वर गेला, त्यावरही एक्स-रे खगोलशास्त्राचं उपकरण होतं. चारच दिवसांत वीजपुरवठ्याची अडचण आली आणि प्रयोग बंद पडले. शाळेत आपण आर्यभट्टची तारीख पाठ केली, पण तो वर काय बघायला गेला होता हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

उफणणी आणि एडिंग्टन

आता या गोष्टीतला मुख्य नियम. ज्यांनी खळ्यावर धान्य उफणलंय त्यांना लगेच कळेल. धान्य आपल्या वजनाने खाली पडतं, भुसा वाऱ्याने उडतो. वारा बेताचा असेल तर काम नीट चालतं. पण वारा फारच सुटला तर भुशाबरोबर दाणेही उडायला लागतात.

ताऱ्यांचंही तसंच. आत ओढणारं गुरुत्वाकर्षण म्हणजे दाण्याचं वजन, बाहेर ढकलणारा प्रकाश म्हणजे वारा. होय, प्रकाशालाही धक्का असतो, आपल्याला तो जाणवत नाही इतकंच. एखादी वस्तू जास्त वायू खायला लागली की जास्त तळपते. जास्त तळपली की तिचाच प्रकाश पुढच्या वायूला मागे रेटतो. म्हणजे खाण्याला आणि तळपण्याला आपोआप लगाम बसतो. हा लगाम इंग्लंडच्या आर्थर एडिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मांडला. वस्तू जितकी जड तितकी तिची मर्यादा वर, हे त्यातलं सूत्र.

आपल्या भागातल्या लोकांसाठी एक जोड. कोल्हापूरला १९०८ साली जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला शिकत असताना त्यांना याच एडिंग्टन यांचा सहवास लाभला. पुढे ते बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. जयंत नारळीकर हे त्यांचे चिरंजीव, जन्म कोल्हापूरचाच, १९ जुलै १९३८ चा.

मर्यादा मोडणारे दिवे

१९७८ च्या अखेरीस आइन्स्टाइन नावाची एक्स-रे दुर्बीण अवकाशात गेली. तिने दुसऱ्या दीर्घिका बघितल्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी ताऱ्यांची इतर गावं. त्यांत काही एकेकटे बिंदू असे दिसले की ते एवढे तळपतात कसे, हा प्रश्न पडला. आपल्या सूर्याच्या दहापट वजनाचं कृष्णविवर एडिंग्टनच्या नियमाने जेवढं तळपू शकेल, त्याच्याही हे वर होते. काही तर कितीतरी वर. दीर्घिकेच्या मध्यभागी लाखो-कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं महाकाय कृष्णविवर असतं, तिथं असा उजेड दिसला तर नवल नाही. पण हे बिंदू मध्यापासून बाजूला होते. त्यांना अतितेजस्वी एक्स-रे स्रोत असं नाव पडलं.

हिशोब सोपा वाटत होता. मर्यादा वजनावर ठरते, म्हणून जास्त तळपणारा तो जास्त जड. मग हे मधल्या वजनाचे कृष्णविवर असणार, शंभर ते काही हजार सूर्यांएवढे. लहान कृष्णविवरं माहीत होती, महाकायही माहीत होती. मधलीच सापडत नव्हती. त्यामुळे या दिव्यांवर सगळ्यांची भिस्त होती.

सप्तर्षींच्या भागात एम ८२ नावाची दीर्घिका आहे, साधारण १ कोटी २० लाख प्रकाशवर्षं लांब. तिच्या पोटात असे दोन दिवे अगदी शेजारी-शेजारी आहेत. एक्स-१ आणि एक्स-२ ही त्यांची नावं. ऑगस्ट २०१४ मध्ये धीरज पाशम आणि दोन सहकाऱ्यांनी 'नेचर' या साप्ताहिकात एक्स-१ चं वजन मांडलं, सुमारे ४०० सूर्य. त्याचा प्रकाश सेकंदाला ५.१ आणि ३.३ वेळा लुकलुकतो, हे गुणोत्तर तीनास दोन, आणि त्यावरून त्यांनी वजन काढलं होतं. बातमी आली. मी चौकट केली. चार ओळी कमी पडत होत्या म्हणून शेवटी एक्स-२ बद्दलचं ते वाक्य माझ्या पदरचं घातलं. सगळेच तसं समजत होते, हे खरं. पण "समजलं जातं" आणि "आहे" यात फरक असतो. तो मी पुसला.

गेले एक बघायला, सापडलं दुसरंच

त्याच वर्षी २१ जानेवारीला लंडनमध्ये एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना दुर्बीण कशी वापरायची ते शिकवत होते. ढग यायला लागले म्हणून त्यांनी घाईघाईत एम ८२ कडे दुर्बीण वळवली. तिथे आदल्या फोटोंमध्ये नसलेला एक तारा दिसला. तो सुपरनोव्हा होता, म्हणजे फुटलेला तारा. जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. नासाची नूस्टार ही एक्स-रे दुर्बीणही वळली.

नूस्टारने आठवडेच्या आठवडे त्या दिशेला बघितलं. हे आकडे तपासताना मातेओ बाकेत्ती या इटालियन शास्त्रज्ञाला एक ठोका सापडला. दर १.३७ सेकंदाला प्रकाश वाढतो, कमी होतो. पुन्हा वाढतो, कमी होतो. घड्याळासारखा.

इथंच सगळी गंमत आहे. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो. ठिपका चिकटवायला जागाच नाही, मग तो फिरून फिरून समोर कसा येणार? रुग्णवाहिकेवरचा फिरता दिवा आठवा. दिवा एका जागी पक्का बसवलेला असतो म्हणून ठरावीक वेळाने आपल्या डोळ्यांवर येतो. असा नेमका ठोका देणारी वस्तू म्हणजे न्यूट्रॉन तारा. मोठा तारा फुटल्यावर उरलेला गाभा. वजन सूर्यापेक्षा जास्त आणि आकार? सांगली ते कुरुंदवाड सरळ रेषेत जेवढं अंतर, व्यास साधारण तेवढा. अख्ख्या सूर्याहून जड ऐवज कृष्णाकाठच्या एवढ्याशा पट्ट्यात बसवलाय असं समजा.

पण ठोका एक्स-१ चा की एक्स-२ चा? खंबाटकी घाटात लांबून येणाऱ्या गाडीचे दोन दिवे एकच दिसतात, तसे नूस्टारला हे दोघे एकत्रच दिसत होते. चंद्रा नावाच्या दुर्बिणीची नजर जास्त बारीक. तिची मदत घेतली तेव्हा ठरलं की ठोका एक्स-२ चा. ठोका अडीच दिवसांच्या चक्रात किंचित जलद आणि किंचित संथ होत होता, म्हणजे हा तारा एका जोडीदाराभोवती फिरत होता. जोडीदार निदान पाच सूर्यांएवढा आणि त्याचाच वायू हा ओढून घेत होता.

८-९ ऑक्टोबर २०१४ च्या सुमारास हे जाहीर झालं. जे कृष्णविवर समजलं जात होतं ते साधारण दीड सूर्याच्या वजनाचं चिमुकलं निघालं आणि आपल्या मर्यादेच्या सुमारे शंभरपट तळपत होतं. "जास्त तळपतो म्हणजे जास्त जड" हा सगळा हिशोबच डळमळला.

त्या निबंधावर एस. आर. कुलकर्णी, विक्रम राणा आणि एस. पी. तेंडुलकर अशीही नावं आहेत. एस. आर. म्हणजे श्रीनिवास कुलकर्णी, जन्म ४ ऑक्टोबर १९५६, गाव कुरुंदवाड! वडील हुबळीला डॉक्टर, बहीण सुधा मूर्ती. १९८२ साली विद्यार्थीदशेतच ते डॉन बॅकर यांच्याबरोबर सेकंदाला ६४२ वेळा फिरणारा न्यूट्रॉन तारा शोधणाऱ्या गटात होते. तेवढा जलद फिरणारा तारा तोवर कुणी पाहिला नव्हता. २०२४ चं शॉ पारितोषिक त्यांना मिळालं. एस. पी. म्हणजे श्रीहर्ष तेंडुलकर.

आता "कुरुंदवाडच्या सुपुत्राने लावला शोध" असा मथळा मी करू शकतो. करणार नाही. निबंधावर दोन डझनांच्या आसपास नावं आहेत, ठोका शोधला बाकेत्तींनी. आपल्या माणसाचं नाव आहे याचा आनंद मानू. पण दुसऱ्याचं श्रेय आपल्या गावात ओढून आणणं हीसुद्धा चूकच, आणि ती आपल्या पेशात रोज होते.

मग मी काय केलं?

काहीच नाही. तारीख आठवा. १५ ऑक्टोबर २०१४ ला विधानसभेचं मतदान होतं. युती फुटलेली, आघाडी फुटलेली, चौरंगी लढती. सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक मतदारसंघाचं पान रोज बदलत होतं. ही बातमी माझ्यासमोर आली, मी वाचली, दोन महिन्यांपूर्वीची आपली चौकट आठवली. आणि म्हटलं, १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरच्या वस्तूबद्दल कोण तक्रार करणार आहे? बातमी केराच्या टोपलीत गेली. उमेदवाराचं आडनाव चुकलं असतं तर रात्री साडेअकराला फोन आला असता आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर खुलासा गेला असता.

तक्रार कुणी केली नाही. पण एका बाईंनी ते कात्रण विश्वासाने फाइलला लावलं आणि इतक्या वर्षांनी एका मुलीने ते तक्त्यावर डकवलं. छापील चूक अशीच जगते. आणि अलीकडे तर ती फॉरवर्ड होत फिरते.

चूक कबूल करणारं शास्त्र

मला या इतिहासात सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? ज्यांचा अंदाज चुकला त्यांनी तो लपवला नाही. नंतर असे ठोके शोधायची मोहीमच निघाली. २०१६-१७ मध्ये आणखी दोन दीर्घिकांतले अतितेजस्वी दिवे न्यूट्रॉन तारे निघाले. जुनी माहिती पुन्हा उपसली तर ठोके त्यातही होते, आधी कुणी नीट शोधले नव्हते इतकंच.

मर्यादा मोडते कशी? कौलांवर पाऊस सगळीकडे पडतो, पण पन्हळ लावली की सगळं पाणी एका कोपऱ्याला उतरतं. न्यूट्रॉन ताऱ्याचं जबर चुंबकीय क्षेत्र तसंच वायूला ध्रुवांकडे उतरवतं आणि प्रकाशाला बाजूने निसटायला वाट मिळते. एडिंग्टनचा हिशोब चारी बाजूंनी सारखा वायू धरून होता. काहींचं म्हणणं होतं की हा तारा खरं तर एवढा तळपतच नाही, झोत आपल्याकडे आहे म्हणून तसं भासतं. २०२२ मध्ये बाकेत्ती आणि सहकाऱ्यांनी काही वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं की जोडीभोवतीची फेरी हळूहळू लहान होतेय आणि एक्स-२ वर्षाला पृथ्वीच्या सुमारे दीडपट वजनाचा ऐवज ओढतोय. म्हणजे खाणं खरोखरच एवढं आहे. वाद मात्र पूर्ण मिटलेला नाही.

एक्स-१ अजूनही कृष्णविवराचा दावेदार आहे, त्याच्या वजनावर चर्चा चालू आहे. २०२० मध्ये गुरुत्वीय लहरींवरून दोन कृष्णविवरं एकत्र होऊन सुमारे १४२ सूर्यांचं झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे मधल्या वजनाचं एक तरी भेटलं. अशाच लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटींची मंजुरी दिली. जागा आपल्याच राज्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ.

मोठी माणसंही चुकतात, हे एडिंग्टन यांच्याच बाबतीत दिसतं. ११ जानेवारी १९३५ ला लंडनच्या सभेत त्यांनी तरुण चंद्रशेखर यांच्या सिद्धांताची खिल्ली उडवली. वजनदार तारा कोसळतच जाईल हे त्यांना पटत नव्हतं. चंद्रशेखर बरोबर होते. एडिंग्टन १९४४ मध्ये गेले, पण आपलं चुकलं असं ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. चंद्रशेखरांना १९८३ ला नोबेल मिळालं. एक्स-१ आणि एक्स-२ वेगळे ओळखणारी ती चंद्रा दुर्बीण त्यांच्याच नावाची आहे.

आपल्या पोरांसाठी

२८ सप्टेंबर २०१५ ला आपली अॅस्ट्रोसॅट ही अवकाश वेधशाळा वर गेली. तिच्या एक्स-रे उपकरणांत टीआयएफआरचा मोठा वाटा आणि त्यातल्या एका उपकरणाची माहिती हाताळणारं केंद्र पुण्यात आयुकामध्ये. हीच आयुका जयंत नारळीकरांनी उभी केली, विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या पोरांनाही संशोधनाचं दार उघडावं म्हणून. २० मे २०२५ ला ते गेले. पाच वर्षांसाठी पाठवलेली अॅस्ट्रोसॅट दहा वर्षं उलटली तरी काम करत राहिली. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याच आकाशगंगेत शर्मिष्ठेच्या दिशेला एक न्यूट्रॉन तारा एकदम अतितेजस्वी झाला, साधारण दहा सेकंदांचा ठोका देणारा. आपल्या आकाशगंगेतला तो असा पहिलाच. अॅस्ट्रोसॅटने त्याची निरीक्षणं घेतली.

ठरावीक मुदतीनंतर अॅस्ट्रोसॅटची माहिती सगळ्यांसाठी खुली होते, इस्रोच्या संकेतस्थळावर मोफत. कराड, विटा, फलटण, जतच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारी मुलं ती उतरवून घेऊ शकतात. ठोका शोधायला दुर्बीण घरी असावी लागत नाही. संगणक, थोडं गणित आणि चिकाटी लागते. प्राध्यापक मंडळींनी मनावर घेतलं तर एखाद्याचा प्रकल्प त्यावर सहज होईल.

मी माझ्यापुरतं केलं ते असं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या शाळेत गेलो. बाईंना सगळं सांगितलं. मुलीने कात्रण काढून टाकायला हात घातला तेव्हा बाई म्हणाल्या, "काढू नकोस. खाली दुरुस्ती लिही." तिने स्केचपेनने लिहिलं. आता तक्ता वर्गात लावलाय. वर माझी चौकट, खाली तिच्या अक्षरात खरं काय ते.

तर मंडळी, दुरुस्ती: ऑगस्ट २०१४ मधल्या चौकटीत एम ८२ मधील दुसरा स्रोत कृष्णविवर असल्याचं म्हटलं होतं. तो न्यूट्रॉन तारा आहे. चुकीबद्दल दिलगीर आहे.

वरच्या मजकुरातही कुठं चुकलो असेन तर कमेंटमध्ये सांगा. या वेळी इतकी वर्षं लावणार नाही.